समुद्रगायीची दुसरी साक्ष

सुट्टीच्या दिवशी माणसं झोपतात. जगाची रीतच आहे ती. पण या घराची रीत जगावेगळी. रविवार उजाडायचा अवकाश, की आबा दारात बूट घालून तयार. हातात काठी, गळ्यात थर्मास, आणि आवाज असा की शेजाऱ्यांच्याही अंगावरचं पांघरूण उडावं.

"सूनबाई, हाजिर हो!"

आबांनी उभा जन्म कोर्टात शिपाई म्हणून काढला होता. दाराबाहेर उभं राहून साक्षीदारांचा तीन-तीनदा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. न्यायाधीश आले नि बदलून गेले, वकिलांचे केस पिकले नि गळले, आबांचा गळा मात्र शाबूत राहिला. निवृत्तीनंतर पुकारायला साक्षीदार उरले नाहीत, तेव्हा पाळी घरच्यांवर आली.

सूनबाई अंथरुणात उठून बसायची आणि आधी पायांकडे बघायची. आठवडाभर ती इस्पितळाच्या लाँड्रीत उभी असायची. ओल्या चादरींनी भरलेली ढकलगाडी आणायची, चादरीचं एक टोक आपण धरायचं, दुसरं समोरच्या बाईनं, आणि इस्त्रीच्या गरम रुळांच्या तोंडी ती सरळ द्यायची. एक गेली की दुसरी. माणसं आजारी पडायची थांबत नाहीत, त्यामुळे चादरीही थांबत नाहीत. खाली ओली फरशी, वर वाफ. संध्याकाळी रबरी बूट काढले की पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा दोरीसारख्या गाठाळलेल्या दिसायच्या. अशा पायांना रविवारी काय हवं असतं? उशी. आणि यांना काय मिळायचं? समुद्रकाठचे खडक.

"अहो, आज मी नाही आले तर?" ती नवऱ्याला हळूच विचारायची.

नवरा फेरीबोटीच्या इंजिनावर होता. आठवडाभर बोटीच्या पोटात तेल-ग्रीसमध्ये माखल्यावर त्याला मोकळ्या हवेचं अप्रूप. "चल गं," तो म्हणायचा, "तेवढेच पाय मोकळे होतील." ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय! ती उठायची आणि डबा भरायला घ्यायची.

तर अशी ही वरात निघायची. पुढे आबा, मागे नात, तिच्यामागे तिचा बाप, सगळ्यात शेवटी डबा आणि सूनबाई. नातीला घरात टिटवी म्हणत, कारण तिला काही दिसलं की आधी किंचाळायची आणि मग बघायची. कॉलेजात गेली तरी खोड तशीच. तिच्या त्या आवाजानं कितीतरी बगळे नाहक उडाले असतील.

बेटाच्या या बाजूला वाट किनाऱ्याला धरून जाते. आधी खारफुटीचा चिखल, तिथे निवट्या मासे टुणटुण उड्या मारतात. मग नारळाची ओळ, त्यात दिवसा उलटी लटकलेली वटवाघळं, भिजल्या छत्र्या वाळत घालाव्यात तशी. पुढे वाळू, वाळूवर रात्री येऊन गेलेल्या कासविणीच्या पायांचे पट्टे. आणि शेवटी काळ्या खडकांचं टोक. ओहोटी असेल तरच तिथे जाता येतं. भरती लागली की वाट पाण्याखाली.

आणि या सगळ्यात आबांचा कायदा. काय दिसलं ते खरं धरायचं, तर दोघांनी बघितलेलं पाहिजे. एकट्यानं बघितलं, तर ते बघितलंच नाही. टिटवीनं एकदा समुद्रगरुडाच्या पंज्यात साप बघितला, रडकुंडीला येऊन शपथा घेतल्या, पण बाकीचे सगळे तेव्हा डब्यावर ओणवलेले. आबांनी मान हलवली. "एकच साक्षीदार. केस उभी राहत नाही." तीन दिवस पोरगी आजोबांशी बोलली नाही. घोरपडीचंही तेच, डॉल्फिनांचंही तेच. त्यामुळे कुणाला काही दिसलं, की तो आधी शेजारच्याची बाही ओढायचा. घरातल्या सगळ्यांच्या शर्टांच्या बाह्या ढिल्या झाल्या होत्या.

हा कायदा एकदा मात्र फार महागात पडला. आजी होती तेव्हाची गोष्ट. टोकावर सगळे सावलीला टेकले होते आणि आजी एकटी पाण्यात पाय सोडून बसली होती. ती परत आली ती वेगळ्याच चेहऱ्यानं. "समुद्रगाय बघितली," म्हणाली. "गाईएवढी. वर आली, श्वास घेतला आणि नाकाची दारं लावून घेतली."

सगळे हसले. समुद्रगाय या किनाऱ्यावरून केव्हाच नाहीशी झाली, असं जो तो म्हणायचा. आणि नाकाला दारं? सूनबाईचा नवरा म्हणाला, "आई, कडी होती की कुलूप?" आबांनी हसू दाबत निकाल दिला, "एकच साक्षीदार."

पण नंतरही आजी टोकावर गेली की पाण्यात पाय सोडून तिथेच बसायची, आणि आबा लांबून चिडवायचे, "आली का तुझी गाय दूध घालायला?" मग एका पावसाळ्यात आजी तापाचं निमित्त होऊन गेली. केस तशीच पडून राहिली.

तेव्हापासून आबांनी हट्टच धरला. बाकीचे घोरपडी बघोत की गरुड, यांचे डोळे टोकासमोरच्या पाण्यावर. तिथे तळाशी गवत आहे, समुद्रगाय आली तर तिथेच चरायला येणार. आबा कुणाला काही सांगत नसत, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारीची साक्ष खरी ठरवायची होती त्यांना, आणि तीही आपले गुडघे बंद पडायच्या आत. गुडघे आताच कुरकुरत होते. डोळ्यांतही पडदा येऊ लागला होता. पण रविवार चुकला नाही. आणि आबांचा चुकत नाही, म्हणून सूनबाईचाही चुकत नाही.

तो रविवार मात्र तिला फार जड गेला. लाँड्रीतलं एक यंत्र बंद पडलं होतं, समोरची बाई रजेवर, आठवडाभर दोघींचं काम हिनं एकटीनं ओढलेलं. टोकाशी पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. टिटवीची चप्पल तुटली म्हणून बापलेक मागेच थांबले. सूनबाई खडकावर बसली, बूट काढले आणि डोळे मिटले.

"सूनबाई! ते बघ, ते काळं! तिथे, गवतावर! दिसलं का तु..."

"हो."

तिनं डोळे उघडले तेव्हा उत्तर देऊन झालं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आबांच्या काठीच्या रोखानं तिनं पाहिलं. पाण्यात एक ओंडका हलत होता. त्यावर शेवाळ, शेवाळावर एक कंटाळलेला बगळा.

आता मागे घेता आलं असतं. तोंडाशी शब्द आलेही होते. पण तिच्या दमलेल्या डोक्यात एकच विचार आला: संपलं! केस निकालात निघाली, आता हे टोक नको, हे खडक नकोत, रविवार आपला. "हो आबा," ती म्हणाली, "दिसली. चांगली दिसली."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर तिच्या उघड्या पायांवर गेली आणि तिथून पाण्याकडे.

"बरं," ते म्हणाले. "मग झालं तर."

मागून बापलेक आले, आणि मग काय विचारता! टिटवीनं किंकाळी फोडली, बगळा उडाला, नवऱ्यानं बापाच्या पाठीवर थाप मारली. "आई खरी ठरली म्हणायची!" तो म्हणाला आणि त्याचा आवाज जरा ओला झाला. सूनबाईनं खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. बराच वेळ बांधत राहिली.

घरी आल्यावर आबांनी काठी दाराआड ठेवली. "आता पायपीट पुरे. गुडघे ऐकत नाहीत," म्हणाले. पुढच्या रविवारी पुकारा झाला नाही.

सूनबाई झोपली. काय झोपली म्हणता! ऊन तोंडावर आलं तेव्हा उठली, चहा प्यायली, परत आडवी झाली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पायांची सूज थोडी उतरली. लाँड्रीतली बाई म्हणालीसुद्धा, "तोंडावर तेज आलंय हो तुमच्या." सुख म्हणतात ते हेच असावं.

पण चार रविवार गेले आणि घर कसं चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. आबा खिडकीपाशी बसून असायचे. खिडकीसमोर शेजारच्यांची भिंत. त्या भिंतीत बघण्यासारखं काय होतं, देव जाणे. चहा दिला तर पीत, जेवायला बोलावलं तर जेवत. पुकारा करणारा तो गळा आता "मीठ दे" एवढंच म्हणायचा, तेही पुटपुटत. टिटवीनं मुद्दाम सांगितलं, "आबा, कॉलेजच्या मागे मी खंड्या बघितला, एकटीनंच." तिला वाटलं, आता म्हणतील एकच साक्षीदार. आबा म्हणाले, "असेल."

"वय झालं," नवरा म्हणाला. "आईचं एकदाचं खरं ठरलं, आता त्यांना कशात रस नाही उरला."

सूनबाईला वाटायचं, म्हाताऱ्याला आपण ओंडका विकला आणि बदल्यात झोप घेतली. सांगावं, तर एवढं तरी त्यांचं समाधान मोडायचं. न सांगावं, तर हे असं डोळ्यांसमोर विझत चाललेलं माणूस. इकडे आड, तिकडे विहीर.

एका शनिवारी ती दाराआडचा केर काढत होती आणि आबांचे बूट हाताला लागले. त्यांच्यावर पांढरी बुरशी चढली होती. या हवेत चामडं महिनाभर पडून राहिलं की असंच होतं. तिनं ते बूट फडक्यानं पुसले. आणि पुसता पुसता तिच्या लक्षात आलं, की उद्या आपल्याला झोपायला मिळणार नाही. ती मनातल्या मनात स्वतःला चांगलं चारचौघांत बोलू नये असं बोलली.

रविवारी नवरा बोटीवर जादा पाळीला गेला होता, टिटवी परीक्षेच्या पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. सूनबाई डबा भरून खिडकीपाशी गेली. घसा साफ केला.

"आबा, हाजिर हो!"

आवाज असा चिरका निघाला की टिटवी पुस्तक टाकून धावत आली. आबांनी मान वळवली. "कुठे?"

"टोकावर."

"कशाला? निकाल लागलाय."

"बूट घाला, आबा. मी एकदाच पुकारते, मला तीनदा जमायचं नाही."

वाटेत आबांचे गुडघे आणि सूनबाईच्या पोटऱ्या, दोघांची चाल सारखीच रडकी. निवट्या उड्या मारत होते, त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. नारळाच्या ओळीशी एक घोरपड वाट अडवून बसली होती. तिनंच कंटाळून वाट सोडली. टोकावर पोचल्यावर सूनबाई आजीच्या जागेवर बसली. बूट काढले, पाय पाण्यात सोडले. आबा शेजारच्या खडकावर टेकले आणि थर्मासचं झाकण फिरवू लागले.

"आबा, एक सांगायचंय."

"सांग ना."

"त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं. ओंडका होता तो. पाय इतके दुखत होते की वाटलं, हो म्हटलं की सुटले. मी खोटं बोलले."

आबांनी झाकणात चहा ओतला. तिच्यापुढे धरला. "माहीत आहे मला," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"अगं, जन्म गेला माझा साक्षीदारांच्या दाराशी. खरा साक्षीदार आधी प्रश्न ऐकतो. मग आठवतो. मग बोलतो. खोट्याचं उत्तर प्रश्न संपायच्या आत तयार असतं. तू तर मला 'तुला'सुद्धा म्हणू दिलं नाहीस."

सूनबाई त्यांच्याकडे वळली. "आणि तुम्हाला? तुम्हाला तरी दिसली होती ना?"

"वाटलं होतं खरं. पण तू एवढ्या घाईनं हो म्हणालीस, तेव्हा मी नीट बघितलं. ओंडकाच."

"मग तेव्हाच का नाही बोललात? घरभर सांगू दिलंत, मला झोपू दिलंत..."

"तुझे पाय बघितले ना." आबा पाण्याकडे बघत बोलत होते. "इतकी वर्षं तू माझ्यामागून चालत होतीस. मागून येणाऱ्याचे पाय दिसत नाहीत. म्हटलं, गेलेल्या बायकोच्या साक्षीपायी जित्या सुनेचे पाय मोडायचे का? म्हातारीनं मला वर दारातसुद्धा उभं केलं नसतं. म्हणून म्हटलं, झालं तर झालं. खोटी का होईना, जिंकली ती."

सूनबाईला रडू फुटलं. ती अशी रडणारी बाई नव्हती. लाँड्रीत रुळांवर हात भाजला तेव्हाही तिनं नुसतं "आई गं" म्हटलं होतं. पण आता तिला आवरेना. म्हाताऱ्यानं आपल्या आयुष्यातली एकच आस तिच्या झोपेसाठी सोडून दिली होती, आणि ती ऊन तोंडावर येईपर्यंत घोरत होती. "मला माफ करा," ती म्हणत राहिली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गप. चहा गार होतोय."

दोघं तशीच बसून राहिली. उन्हाचा पाण्यावर असा लखलखाट की डोळे उघडे ठेववत नव्हते. आबांनी टोपी पुढे ओढली. सूनबाईनं पदरानं नाक पुसलं आणि थंड झालेला चहा तोंडाला लावला.

तेवढ्यात पाणी फुगलं.

आवाज आधी आला. दमलेल्या बाईनं डोक्यावरचं ओझं खाली टेकवून सोडावा, तसा एक लांब श्वास. गवताच्या पट्ट्यावर करडं, जाड, मिशाळ तोंड पाण्याबाहेर आलं होतं. त्याच्यामागे पाठ, रुंद आणि गुळगुळीत, अगदी गाईएवढी. दोन नाकपुड्या उघड्या होत्या. मग त्या मिटल्या. आतून कुणीतरी दोन दारं ओढून घ्यावीत तशा, घट्ट. तोंड खाली गेलं, पाठ गेली, सगळ्यात शेवटी दुभंगलेली शेपटी. पाणी पुन्हा सपाट झालं.

ती बाही ओढायची विसरली. हातातला चहा मांडीवर सांडला, तोही तिला कळला नाही.

"काय गं?" आबा टोपी वर करून म्हणाले. "काय झालं? काही दिसलं का तुला?"

तिला बोलताच येईना. तिनं तोंड उघडलं, मिटलं. पाण्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. आबा वाट बघत राहिले. प्रश्न संपून किती वेळ झाला तरी उत्तर येत नव्हतं, आणि जसजसा वेळ जात होता तसतसा आबांचा चेहरा बदलत होता.

"नाकाची दारं लावली तिनं," सूनबाई शेवटी म्हणाली. "आई म्हणाल्या होत्या तश्शी."

आबांनी डोळे बारीक करून सगळं पाणी धुंडाळलं. लखलखाटाशिवाय काही नव्हतं.

"मला नाही दिसली," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? टोपी डोळ्यांवर होती." मग सवयीनं पुढचंही निघून गेलं, "एकच साक्षीदार. केस उभी..."

"एक कशी?" सूनबाई म्हणाली. "दोन झाल्या. आई आणि मी."

"अगं, पण ती तर..."

"दोघांनी बघितलेलं पाहिजे, एवढाच ना तुमचा कायदा? दोघांनी एकाच दिवशी बघायचं, असं कधी म्हणाला होतात?"

कोर्टात इतके वकील ऐकले असतील आबांनी, पण असा मुद्दा कुणी काढला नसावा. ते काठीवर जोर देऊन उठले. सूनबाईनं हात द्यायला बघितलं, तो त्यांनी घेतला नाही. टोपी काढली, शर्टाचं वरचं बटण लावलं, छाती पुढे काढली. आणि ज्या बाईला त्यांनी उभ्या संसारात "अगं", "ए", नाही तर "म्हातारे" एवढंच म्हटलं होतं, तिचं सबंध नाव, बापाच्या नावासकट, त्यांनी समुद्रावर पुकारलं.

"...हाजिर हो!"

खडकांवरचे बगळे एकदम उडाले. पुकारा तीनदा करायचा असतो. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज आणखी चढला. तिसऱ्यांदा नावाच्या मध्येच फुटला, आणि उरलेलं नाव सूनबाईनं पुरं केलं.

आबा उभेच होते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. "तिला चिडवायला नको होतं गं मी," म्हणाले. खोटं सांगून समजूत घालायची सूनबाईची हिंमत आता उरली नव्हती.

खडकांच्या फटींतून पाणी चढू लागलं होतं. तिनं थर्मास उचलला, डबा तसाच न उघडलेला उचलला, बूट पायांत कोंबले. परतीची वाट तिला आठवली. चिखल, वाळू, चढ, आणि उद्या पहाटे चादरी.

"तू पुढे हो," आबा म्हणाले. "आजपासून मी मागे." मग दोन पावलांनंतर त्यांनी विचारलं, "फार दुखतायत का गं पाय?"

सूनबाईनं प्रश्न पुरता ऐकून घेतला. एक पाय टेकवून पाहिला, मग दुसरा.

"हो," ती म्हणाली. "खूप."

"मग सावकाश चल," आबा म्हणाले, आणि तिच्यामागून चालू लागले.